नियम सात प्रमाणे रजा वाढवून मिळणेबाबत

मंगळवार, २८ ऑक्टोबर
पाटोदा, बसस्टँडच्या मागं

प्रति,
सुभेदार राधाकिशन नागरगोजे (निवृत्त),
डोंगरमाथा भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र, मांजरसुंबा

विषय : नियम सात प्रमाणे रजा दोन दिवस वाढवून मिळणेबाबत.

उस्ताद, जयहिंद.

मी जोडी नंबर नऊमधला उत्तरेश्वर. रहिवासी दाखला आणायला परळी तहसीलला म्हणून रविवारी सकाळी सुटलो. आज संध्याकाळच्या गिनतीला रांगेत उभं राहायचं होतं. आता दुपारचे साडेबारा झालेत. म्हणजे अर्ज मुदतीच्या आत, स्वतःच्या अक्षरात, कारण लिहून. नियम सात एवढंच मागतो, ते सगळं मी दिलंय, त्यामुळं मंजुरीची काळजी मला नाही. पत्र बबनराव कंडक्टरच्या हाती देतोय. ते खालच्या ढाब्यावर टाकतील, दूधवाला वर आणील. फोन केला असता, पण रजेवर जाणाऱ्याचाही मोबाईल तुमच्या पेटीतच राहतो. हा नियम कावून केला ते मला अजून कळलेलं नाही, पण आहे तर आहे.

दाखला मिळाला. अर्ज आधीच केलता, नुसता उचलायचा होता. सोमवारी अकरा वाजता हातात. मग म्हटलं, एवढं आलोय तर धर्मापुरीचं देऊळ बघून यावं. उस्ताद, तुम्ही कधी गेलात का? भिंतीवर दगडाच्या बाया आहेत. एकीच्या पायात काटा मोडलाय, ती पाय वर धरून काढतेय, आणि तरी उभी कशी, एका पायावर, जराही डुलत नाही. मी तासभर बघत बसलो. असो. तिथून सोयाबीनचा टेम्पो मिळाला. मांजरसुंब्याला उतरणार होतो, पण डोळा लागला आणि जागा झालो तो पाटोद्यात.

आता कारण. आज सकाळी इथं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मॅरेथॉन होती. पहिल्या नंबराला सायकल. मी बघायला उभा होतो. नियम पाच मला पाठ आहे, रजेवर असताना बाहेरच्या शर्यतीत पळायचं नाही. तर पळणाऱ्यांत माझ्या ओळखीचा एक पोरगा होता. सगळ्यांच्या लई पुढं. दोनशे मीटर राहिले असतील. वरून ड्रोन गेला आणि ह्यानं मान वर केली, आपण दिसतोय का बघायला. कमानीच्या खांबासाठी खणलेला खड्डा कोणी बुजवलाच नव्हता. पाय त्यात गेला. सायकल तिसऱ्या नंबरवाल्या पोराला मिळाली, कारण दुसरा ह्याला उचलायला थांबला. त्या दुसऱ्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

ह्या पोराचं इथं कोणी नाही. नियम चार म्हणतो, आजारी सोबत्यापाशी थांबायला रजा देता येते. म्हणून गुरुवार संध्याकाळपर्यंत मुदत द्यावी.

तुम्ही हा अर्ज गिनतीत सगळ्यांसमोर वाचणार, म्हणून दोन ओळी माझ्या जोडीदारासाठी. परमेश्वर, ऐकतोयस ना बे? उद्यापासून तुझी रजा होती, मी विसरलो नाही. जोडीतला एक बाहेर तर दुसरा फाटकाच्या आत, नियम तीन, तेही विसरलो नाही. नवीन आलेल्या पोरांना सांगतो : परमेश्वरचे आई-वडील ऊसतोडीला कर्नाटकात निघालेत. बहीण मनिषा दहावीला आहे. वडील म्हणतात, कोपीवर, म्हणजे उसाच्या फडातल्या झोपडीत, भाकरी करायला पोरगी लागते. हा म्हणतो, ती शाळेच्या वसतिगृहात राहील, पालक म्हणून सही मी करतो. हे वडिलांसमोर उभं राहूनच सांगावं लागतं, फोनवर ते ऐकत नाहीत. पण ट्रक रविवारी आहे. तू शुक्रवारी निघालास तरी एक अख्खा दिवस हातात राहतो. निवांत राहा.

आपला,
उत्तरेश्वर, जोडी नंबर नऊ

*

गुरुवार, ३० ऑक्टोबर, सकाळी
हनुमान तात्यांचा मळा, पाटोद्याजवळ

विषय : नियम सात प्रमाणे रजा शनिवार सकाळपर्यंत वाढवून मिळणेबाबत.

उस्ताद, जयहिंद.

तुमची चिठ्ठी बबनरावांनी काल दिली. ‘मंजूर. गुरुवार संध्याकाळ. नि. ७.’ तुम्ही शब्द लई मोजून वापरता. सोबत परमेश्वरची चिठ्ठी होती, त्यात तर दोनच शब्द. लवकर ये. सात महिने शेजारी झोपतोय आम्ही, तो एवढं कमी कधी बोलत नाही.

तो पोरगा अजून बरा नाही. त्याला मी हनुमान तात्यांकडं आणलंय. तात्या हाडं बसवतात. माणसांचीही आणि बैलांचीही, आणि दोघांशी एकाच आवाजात बोलतात. तंबाखू मळत मळत त्यांनी पाय हातात घेतला.

“पळत हुतास जनू?”

“हां.”

“कशापायी?”

“सायकल होती तात्या.”

“मंग आता बस सायकलवर.” आणि बोलता बोलता त्यांनी असा झटका दिला की ~~माझ्या~~ त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. खोडलंय ते वाचू नका. मग आंबेहळद लावून, बांबूच्या कामट्या बांधून म्हणाले, “हाड न्हाई मोडलं. पर शीर लई दुखावलीय. एकवीस दिस पाय टेकवायचा न्हाई.”

“पळायचं कधी?”

“आधी चालायचं कधी ते इचार की, येडपटा.”

तात्यांना मी सांगितलं, आमचे उस्ताद आठ दिवसांत माणूस उभा करतात. ते म्हणाले, “त्येंच्याकडं बैल धाडून बघतो एखांदा.” तात्या माणूस भारी आहे. त्यांच्या मळ्यात एक मोर येतो, तो रोज एकाच दगडावर बसतो. काल दुपारभर मी त्याच्याकडंच बघत होतो.

उस्ताद, सहज विचारतो. नियम नऊ अजून तसाच आहे का? रजेवरून जो जायबंदी होऊन येईल तो आराम खोलीत, आणि त्याचं पाणी, जेवण, पाय शेकणं सगळं त्याच्या जोडीदारानं करायचं, तो उभा राहीपर्यंत जोडीदाराची रजा बंद. आणि कसं झालं ह्याची तुम्ही चौकशी करणार, नियम पाच मोडला असेल तर जानेवारीच्या भरतीच्या यादीतून त्याचं नाव बाहेर. हे सगळं मला माहीत आहे, नुसती खात्री करतोय. त्या पोराला असल्या नियमांचं कौतुक वाटतं म्हणून.

शनिवारी सकाळी मी येतो. तोवर सूज उतरेल. त्याची. अर्ज मुदतीच्या आत आहे, कारण आधीचंच आहे, मंजूर करावा. परमेश्वर, शनिवारी मी फाटकातून आत आणि तू बाहेर. ट्रक रविवारचा. बसतंय की गणित.

आपला,
उत्तरेश्वर, जोडी नंबर नऊ

*

गुरुवार, ३० ऑक्टोबर, संध्याकाळी पाच
हनुमान तात्यांचा मळा

उस्ताद, जयहिंद.

सकाळचा अर्ज तुम्हाला मिळाला असेल आणि तुम्ही मंजूरही केला असेल. कारण तो नियमात बसतो. माझे दोन्ही अर्ज नियमात बसतात. तिथंच घोळ झालाय.

दुपारी तात्यांच्या बैलगाडीत बसून मी बाजारात गेलतो. कामट्या बांधायला नवी सुतळी हवी होती, आणि खरं सांगायचं तर मळ्यात बसून बसून मला किडे चावल्यासारखं झालतं. ताडपत्रीच्या दुकानापुढं परमेश्वरची आई दिसली, त्यांचं गाव इथून जवळच. छबुबाई. मागच्या महिन्यात भेटीच्या दिवशी वर आल्या होत्या, धपाटे घेऊन, तुम्हीही दोन खाल्ले होते. शेजारी मनिषा, डोक्यावर पातेल्यांचं गाठोडं. मला बघून तिनं गाठोडं खालीच ठेवलं.

“दादा कावून आला न्हाई?”

मी म्हटलं, “येतोय शनिवारी. ट्रक रविवारचा हाय ना?”

“रविवारचा कुठला? उद्या हाय. तीन वाजता. मुकादमानं कालच सांगितलं, कारखाना लवकर सुरू झाला म्हनून.”

म्हणजे उद्याच, आणि परमेश्वर फाटकाच्या आत. तरी मी हसलो. मला हसू कधीही येतं, तुम्ही त्यावरून मला दहा वेळा मैदानाला चकरा मारायला लावल्यात.

छबुबाई म्हणाल्या, “त्यानं बुधवारी येतो म्हनून शब्द दिलता. तिचा बाप दोन दिस उंबऱ्यात बसून हुता. आता म्हनतो, पोराला सवड न्हाई तर पोरीला कशाला ठेवू?”

“काकू, मी येतो. वसतिगृहात मी सही करतो. आमी जोडीदार हाव.”

“तू कोन रं बाबा?” रागानं नाही म्हणाल्या, उलट मायेनंच म्हणाल्या. “तुझं तुला ठाव न्हाई आज हितं तर उद्या कुठं. पोरगी काय तुझ्या भरवशावर ठेवू?”

बरोबरच होतं ते. मनिषा माझ्या पायाकडं बघत होती.

“पडलास व्हय?”

“जरा.”

“दादाला ठाव हाय?”

“न्हाई.”

“मंजी तू पडलास म्हनून दादा आत हाय.” एवढंच बोलली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. गाठोडं उचललं, चुंबळ सरळ केली आणि आईच्या मागं गेली. भूगोलाचं पुस्तक गाठोड्यात वरच खोचलेलं होतं. ट्रकात वाचणार असेल.

तर उस्ताद, तो ओळखीचा पोरगा म्हणजे मी. तुम्हाला पहिल्याच पत्रात कळलं असणार. पळालो मी. टेम्पोत डोळाही लागला नव्हता. मॅरेथॉनचा बोर्ड मी रविवारी जातानाच वाचला होता. सोमवारी सांजच्याला टेम्पो आपल्या डोंगराखालून गेला तेव्हा वर दिवे लागले होते, मी मुद्दाम दुसरीकडं तोंड केलं. सायकल जिंकून, मंगळवारी तिच्यावर बसूनच फाटकातून आत यायचं होतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला कोणी पाहिलं असतं ना, लई भारी दिसलो असतो.

पाय दुखावल्यावर वाटलं, दोन-चार दिवसांत सूज उतरवू आणि कोणाला कळू न देता रांगेत उभं राहू. म्हणून अर्ज. मला वाटलं, नियम पाळून खोटं बोललं की त्यात कोणाचं नुकसान नाही. तीन दिवस मी परमेश्वरच्या फाटकाला बाहेरून कडी लावत होतो, आणि प्रत्येक वेळी कडी तुमच्याच नियमाची.

आता मी काय काय करू शकतो ते तात्यांच्या ओट्यावर बसून मोजलं. उद्या सकाळी वर आलो, तर नियम नऊ. मी आराम खोलीत, परमेश्वर माझे पाय शेकत, आणि तीन वाजता ट्रक निघून गेलेला. न आलो, तर माझी रजा शनिवारपर्यंत तुम्हीच मंजूर केलीय, परमेश्वर आतच. तुम्ही त्याला तसंच सोडाल का? नाही सोडणार. तुम्ही कोणासाठी नियम वाकवत नाही. म्हणून तर मी तुमच्याकडं टिकलो. मी हॉटेलात टिकलो नाही, बारावीत टिकलो नाही, पुण्यात कंपनीत अकरा दिवस टिकलो. डोंगरमाथ्यावर सात महिने. पहाटे साडेचारची शिट्टी वाजायच्या आधी मला जाग यायला लागली होती. हे मी कोणाला बोललो नाही.

आता नियम अकरा राहतो. जो स्वतःच्या अक्षरात नाव कापून मागेल त्याचं नाव पत्र मिळताक्षणी कापायचं, आणि त्याच क्षणी त्याची जोडी मोडली. श्रावणात तो गेवराईचा पोरगा रडत घरी गेला तेव्हा त्याच्या जोडीदाराला तुम्ही तासाभरात रजा दिली होती. मी तिथंच झाडत होतो, मला आठवतंय. अकरात असंही लिहिलंय की नाव कापलेल्याला त्या वर्षी परत घेत नाहीत, आणि पुढच्या वर्षी आला तर सगळ्यांच्या मागं उभा राहतो, नव्यानं. तेही मी वाचलंय.

म्हणून हा अर्ज. सकाळची मुदतवाढ मला नको. नियम अकरा प्रमाणे जोडी नंबर नऊमधून माझं, उत्तरेश्वरचं, नाव कापावं. आत्ताच कापावं. चौकशी नंतर करा, मी सगळं कबूल करतो.

शेवटची बस निघून गेलीय. सकाळी पहिल्या गाडीनं हे पत्र मी स्वतः घेऊन येतो, ढाब्यापर्यंत. वर येणार नाही. आत पाऊल टाकलं की नऊ लागू होतो.

उत्तरेश्वर

*

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
मांजरसुंबा, ढाबा

उस्ताद,

कालचं पत्र दूधवाल्याकडं आठ वाजता दिलं. त्याला म्हटलं, आज वाटेत कुठं थांबायचं नाही. तो म्हणाला, “तू सांगनार का मला?” पण गेला. मी बाहेरच्या खाटेवर पाय वर करून बसलोय. इथून घाटातला रस्ता दिसतो, फाटक दिसत नाही. बबनरावांची पाटोद्याला परतणारी गाडी नऊ पन्नासची. त्यांना सकाळीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, “येळेवर आला तर नेतो. पाच मिनटं उशीर झाला तर गाडीचं चाक बघायला उतरतो. सहा मिनटं झाली तर माझी नोकरी हाय बाबा.”

साडेनऊपर्यंत कोणी आलं नाही. मी तीन चहा प्यालो. पावणेदहा. गाडी आली, माणसं चढली. बबनराव खाली उतरले आणि खरंच चाकाला लाथा मारायला लागले. एक म्हातारा खिडकीतून म्हणाला, “चाकाला काय झालं?” बबनराव म्हणाले, “तेच बघतोय.”

नऊ त्रेपन्नला वळणावर परमेश्वर दिसला.

उस्ताद, तुम्ही वरून बघितलं की नाही माहीत नाही. मी बघितलं. पाठीवर पिशवी, पायात त्याचे ते शिवलेले बूट, आणि उतारावर तुम्ही शिकवता तसं, टाच न लावता, हात जवळ धरून. घाम पार कोपरावरून गळत होता. गाडीच्या दारात पाय ठेवला आणि मग त्याला मी दिसलो. तिथूनच ओरडला,

“बे हरामखोरा, सायकल कुठंय?”

“तिसऱ्यानं नेली!”

“पाय?”

“हाय अजून!”

“नाव कावून कापलंस बे? मला इचारायचं तरी!”

“तुला इचारलं असतं तर तू हो म्हनला असतास का?”

त्यानं काहीतरी शिवी दिली, ती गाडीच्या आवाजात गेली. बबनरावांनी बेल मारली.

हे लिहून मी पत्र बंद करणार होतो. पण तीनपर्यंत कुठं जाणार? ढाब्याच्या मालकानं लसूण सोलायला दिला. बसून करायचं काम आहे, म्हटलं दे. सव्वातीनला ढाब्याचा फोन वाजला. मालक म्हणाला, “उत्तरेश्वर कोन बे, तूच का? पोरीचा आवाज हाय.”

मनिषा होती. मागं ट्रकचा हॉर्न वाजत होता, माणसं हाका मारत होती.

“गेला ट्रक,” ती म्हणाली.

मी हातातला लसूण खाली ठेवला. विचारायचं धाडसच झालं नाही.

“मी खालीच हाय,” ती म्हणाली. “दादा आन् आन्ना लई भांडले. मंग दादानं आन्नांचं गाठोडं स्वतः वर चढवलं, आन् माझी पेटी खाली ठेवली. आन्नांनी ती परत वर घेतली न्हाई. जाताना मला म्हनले, शाळेत पैली ये. दुसरी आलीस तर उसात नेतो.” मग म्हणाली, “आई रडली. मी न्हाई रडले.”

“बरं केलंस.”

“दादा इचारतोय, पाय शेकतंय कोन?”

मी म्हटलं, “सांग त्याला, मी आता मोकळा मानूस हाय, माझा मी शेकतो.” फोन ठेवल्यावर मालकानं विचारलं, लसूण सोलताना डोळ्यांत पाणी येतं का. म्हटलं, ह्या लसणाला येतं.

आता माझं. एकवीस दिवस मी इथंच बसणार आहे, मालकानं होकार दिलाय. त्यानंतर पाय चालेल तिकडं. पुढच्या वर्षी तुमची नवी तुकडी लागेल तेव्हा मी सगळ्यांच्या मागं उभा असेन, दाखला तयारच आहे. तुम्ही घ्याल. न घ्यायला तसा नियमच नाही, मी सगळे वाचलेत.

एकच गोष्ट नियमात लिहिलेली नाही ती सांगतो. परमेश्वर परत येईल तेव्हा तुम्ही त्याला नवा जोडीदार द्याल. त्या पोराला बाजूला घेऊन सांगा. परमेश्वर पहिल्या तीन फेऱ्या कोणाकडं बघत नाही. चौथ्या फेरीत, पाण्याच्या टाकीपाशी, तो एकदा डावीकडं मान वळवतो, कोणी आहे का बघायला. तेवढ्यापुरतं तिथं असावं लागतं. बोलायचं काही नाही, नुसतं असायचं. मग तो पुढचं त्याचं तो पळतो.

उत्तरेश्वर